जुन्या नावेचें वय

आज मी आपणांपुढें एका नावेविषयीं बोलणार आहें. विषय ऐकून कित्येकांस नवल वाटेल. कारण मी परभणी जिल्ह्यांतला, आणि परभणी जिल्हा समुद्रापासून शेंकडों मैल दूर. आमच्याकडे गोदी नाहीं, बंदर नाहीं, दर्यावर्दी तर नाहींतच. पण आमच्याकडे गोदावरी आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तालुके मागें टाकीत ती नांदेडकडे जाते; आणि ठिकठिकाणचे पूल होण्यापूर्वीं पावसाळ्याचे चार महिने ऐलतीरावरील माणसाला पैलतीर गांठावयाचें तर नावेवांचून गत्यंतर नसे. धान्याचीं पोतीं, बाजारकरी, वऱ्हाडें, माहेरवाशिणी, सारीं नावेंतूनच जात.

अशीच एक लांकडी नाव गंगाखेड तालुक्यांतील एका लहान गांवाच्या घाटाजवळ, वडाखालीं कलती पडलेली होती. त्या गांवच्या शाळेंत मीं बरींच वर्षें इतिहास शिकविला. दरवर्षीं मुलांना घेऊन मी त्या नावेपाशीं जात असें आणि सांगत असें, "मुलांनो, ही नाव पेशवाईंतली आहे. खर्ड्याच्या लढाईच्याहि आधींची. मराठ्यांचे स्वार कदाचित् हिच्यांतूनच गंगा उतरले असतील." माझा आधार काय, तर नावेच्या आंतल्या एका आडव्या फळीवर "१७" हे दोन आंकडे कोरलेले होते आणि त्यांपुढील लांकूड झिजून गेलें होतें. हा शक असावा, सतराशें आणि कांहीं, असें मीं मनाशीं ठरविलें. शके १७०० म्हणजे इसवी सन १७७८. सवाई माधवरावांची कारकीर्द. पुढचे दोन आंकडे काळानें पुसले, असा निवाडा मीं देऊन टाकला, आणि तो दरवर्षीं नव्या मुलांना सांगत राहिलों.

सेवानिवृत्तीनंतर एके दिवशीं गांवकऱ्यांचें बोलावणें आलें. नावेभोंवतीं कठडा बांधून तेथें फलक लावावयाचा होता, आणि त्यावर काय लिहावें तें गुरुजींनीं सांगावयाचें होतें. वर्गांत बोललेलें वाऱ्यावर जातें. फलकावर लिहिलेलें मागें राहतें. त्या रात्रीं मला प्रथमच प्रश्न पडला, कीं आपणांस हें ठाऊक तरी कशावरून? म्हणून जुन्या जहाजांची घडण आणि त्यांचें वय जाणकार कसें ओळखतात, हें मीं वाचावयास घेतलें. त्यांतलें जें मला उपयोगी पडलें तें आपणांस सांगतों. आणि शेवटीं त्या नावेचें काय ठरलें तेंहि सांगतों.

पहिली गोष्ट अशी, कीं जहाजावर जें लिहिलें असेल त्यावर एकदम विश्वास ठेवूं नये. याचें उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें बंदर आहे. तेथें 'ट्रिंकोमाली' हें तीन डोलकाठ्यांचें लढाऊ जहाज आजहि पाण्यावर उभें आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांपैकीं अद्याप तरंगत असलेलें सर्वांत जुनें जहाज तें हेंच. तें मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं, मलबारच्या सागवानांतून बांधलें गेलें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडण्यांत आलें. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले होते. त्यांच्या वंशजांनीं बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजावरच १८४२ मध्यें इंग्रज व चीन यांच्यामधील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या.

परंतु 'ट्रिंकोमाली'ची पुढील हकीकत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. १८९७ मध्यें तें मोडींत काढण्याकरितां विकलें गेलें. त्याच वर्षीं 'फूद्रोयां' नांवाचें एक जुनें जहाज वादळांत सांपडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलें. हें 'फूद्रोयां' १७९८ चें. प्रसिद्ध नौसेनापति नेल्सन याचें निशाण एके काळीं त्यावर फडकलें होतें. त्याचे मालक व्हीटली कॉब यांनीं मोडींत निघालेलें 'ट्रिंकोमाली' विकत घेतलें, त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्याची सोय केली, आणि गेलेल्या जहाजाची आठवण म्हणून यालाच 'फूद्रोयां' हें नांव दिलें. पुढें सुमारें नव्वद वर्षें हें मुंबईचें जहाज दुसऱ्याच्याच नांवानें वावरलें. १९९२ मध्यें त्याला त्याचें मूळ नांव परत मिळालें. मधल्या काळांत केवळ नांव वाचून कोणीं त्याचें वय ठरविलें असतें, तर एकोणीस वर्षांची चूक झाली असती; आणि मुंबईच्या सुतारांचें श्रेय इंग्लंडच्या सुतारांकडे गेलें असतें.

मग अशा जहाजाची ओळख पटवावयाची कशी? नांव बदलतां येतें, लांकूड बदलतां येत नाहीं. विलायती जहाज बहुधा ओकचें, मुंबईचें सागाचें. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाऊन टाकतें. सागांतील तेलामुळें खिळे टिकतात. मुंबईचे कारागीर दोन फळ्यांच्या कडांना खांच पाडून त्या एकमेकींत बसवीत, आणि मग खिळा मारीत. ही इकडची खास रीत. पण घडणीचा प्रश्न एवढ्यानें संपत नाहीं. 'ट्रिंकोमाली'चा नकाशा इंग्रजी आरमारानें पाठविलेला. तो ज्या नमुन्यावरून काढला, तें जहाज १७८२ मध्यें फ्रेंचांकडून जिंकून घेतलेलें. हे नकाशे पहिल्यानें 'जावा' या जहाजावरून निघाले, आणि डिसेंबर १८१२ मध्यें अमेरिकनांशीं झालेल्या लढाईंत त्या जहाजाबरोबर नष्ट झाले. तेव्हां ते पुनः पाठवावे लागले. म्हणजे रूप फ्रेंच, कागद इंग्रजी, लांकूड मलबारी, आणि हात मुंबईचे. "हें जहाज कोठलें?" या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं तें असें.

दुसरा साक्षीदार म्हणजे आकार. जुन्या नौकांचे आकार आपल्याकडे नाण्यांवर, भिंतींवर आणि दगडांवर राहिले आहेत. आमच्या गोदावरीच्याच कांठीं, पैठणास, सातवाहनांची राजधानी होती. त्या वंशांतील यज्ञश्री सातकर्णि याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज आहे. हा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांच्या, शिडें उभारलेल्या जहाजाचें चित्र आहे, आणि त्यांत ठेवलेले रांजणहि स्पष्ट दिसतात. मुंबईजवळ बोरिवलीस एक्सर येथें जे वीरगळ आहेत, त्यांतील कांहींवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. देवगिरीचे यादव आणि उत्तर कोंकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यांत १२६५ च्या सुमारास जें आरमारी युद्ध झालें, त्याशीं अनेक अभ्यासक या वीरगळांचा संबंध जोडतात. ज्या यादवांचें राज्य आमच्या या भागावर होतें, त्यांचे लोक समुद्रावर लढले, ही गोष्ट आमच्या मुलांना सांगावयास मला नेहमींच आवडत असे.

तथापि आकाराच्या साक्षींत एक मोठें वैगुण्य आहे. नदीवरची नाव ही कपड्यासारखी दर दहा वर्षांनीं बदलत नाहीं. बाप जशी नाव बांधी तशीच मुलगा बांधतो, आणि नातूहि तशीच. पात्र तेंच, प्रवाह तोच, ओझें तेंच. मग आकार कां बदलावा? म्हणून एखादी होडी जुन्या शिल्पासारखी दिसते, एवढ्यावरून ती जुनी ठरत नाहीं. हें वाचलें तेव्हां मला वर्गांतलें माझेंच एक वाक्य आठवलें. "अशा नावा आतां कोठें बांधतात?" असें मी मुलांना ऐटीनें विचारीत असें.

तिसरा साक्षीदार सांध्यांचा, आणि माझ्या मतें हा सर्वांत बोलका. हिंदी महासागरांतील फार जुनीं जहाजें खिळ्यांनीं जोडलेलीं नसत. फळ्यांना भोंकें पाडून त्या काथ्याच्या दोरीनें शिवीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें होर्मुझ बंदरांत अशीं जहाजें पाहिलीं आणि त्यांना नांवें ठेविलीं. पण हींच शिवलेलीं जहाजें किती दूर जात, तें १९९८ मध्यें इंडोनेशियांतील बेलितुंग बेटाजवळ सांपडलेल्या एका बुडालेल्या जहाजानें दाखवून दिलें. त्याच्या फळ्या शिवलेल्या होत्या आणि पोटांत चिनी मातीचीं भांडीं खच्चून भरलेलीं होतीं. त्यांपैकीं एका वाडग्यावर चिनी कालगणनेंतील तिथि होती. ती इसवी सन ८२६ शीं जुळते. पोर्तुगीज १४९८ मध्यें मलबारास आले, आणि त्यानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या जहाजांच्या बांधणींत लोखंडी खिळ्याचें प्रस्थ वाढलें. येथेंहि सावधगिरी हवीच. शिवलेल्या लहान होड्या केरळांत व पूर्व किनाऱ्यावर विसाव्या शतकांतहि चालू होत्या. म्हणून शिवण दिसली कीं हजार वर्षें, असा हिशेब करतां येत नाहीं.

खिळा मात्र बराच प्रामाणिक असतो. लोहारानें ऐरणीवर ठोकलेला खिळा चौकोनी असतो, टोंकाकडे निमुळता होत जातो, आणि दोन खिळे अगदीं सारखे असे कधीं नसतात. तारेपासून यंत्रावर कापलेला खिळा गोल, सरळ आणि एकासारखा दुसरा. हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर्वत्र पसरला. करवतीच्या खुणांचेंहि तसेंच. दोन माणसांनीं ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावांकड्या अंतरावर पडतात. यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. मोठ्या जहाजांना किडा लागूं नये म्हणून तळाला तांब्याचा पत्रा मारीत; इंग्रजी आरमारांत ही चाल १७८० च्या सुमारास सार्वत्रिक झाली. पुढें १८३२ मध्यें मुंट्झ नांवाच्या कारखानदारानें सुमारें साठ भाग तांबें आणि चाळीस भाग जस्त यांच्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें, आणि तो स्वस्त पत्रा प्रचारांत आला. तेव्हां असा पत्रा दिसला, तर तो मारण्याचें काम १८३२ नंतरचें. पण पत्रा नंतरचा म्हणून जहाजहि नंतरचेंच, असें होत नाहीं. जहाज जन्मभर दुरुस्त होत असतें. सर्वांत नवा खिळा शेवटच्या दुरुस्तीचा काळ सांगतो. जन्माचा काळ पाहावयाचा तर कणा आणि बरगड्या यांच्या मूळ सांध्यांत डोकावलें पाहिजे.

चौथा साक्षीदार जहाजांतील माल. याचें उदाहरण गोव्याचें आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं गोव्याच्या समुद्रांत बुडालेल्या कांहीं जहाजांचा पाणबुडे होऊन तपास केला. सुंची खडकापाशीं तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत आणि चिनी भांडीं मिळालीं. त्यांवरून तें जहाज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील पोर्तुगीज व्यापाराचें ठरलें. सेंट जॉर्ज खडकापाशीं मात्र लांकूड जवळजवळ उरलेंच नव्हतें. तेथें होतीं भाजलेल्या मातीचीं कौलें, फरशा, नळ आणि खांबांचीं नक्षीदार शीर्षें. आणि त्यांतील कांहीं कौलांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का व १८६५ हा आंकडा होता.

श्रोतेहो, येथें मी वाचतां वाचतां थांबलों. १८६५ हा आंकडा वाचून माझ्यासारखा मास्तर म्हणाला असता, "जहाज १८६५ सालीं बुडालें." पण १८६५ हें मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचें वर्ष आहे. कारखाना पुढें कित्येक वर्षें तोच आंकडा आपल्या मालावर उठवीत राहिला. म्हणजे तो आंकडा एवढेंच सांगतो कीं हें जहाज १८६५ च्या आधीं बुडालेलें नाहीं. नंतर केव्हां, तें दुसऱ्या पुराव्यांनीं ठरवावयाचें. कोरलेला आंकडा खोटा नव्हता. पण वाचणाराला वाटतें तें तो सांगत नव्हता. मला माझी "१७" ची फळी डोळ्यांपुढें दिसूं लागली.

राहिला शेवटचा साक्षीदार, खुद्द लांकूड. अमेरिकन शास्त्रज्ञ लिबी यानें १९४९ मध्यें कार्बनच्या किरणोत्सर्गी परमाणूंवरून वय काढण्याची रीत प्रसिद्ध केली. झाड जिवंत असेपर्यंत हवेंतून हा कार्बन घेत असतें. झाड मेल्यावर तो ठराविक गतीनें, म्हणजे सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा, असा कमी होत जातो. परंतु ही रीत झाडाचें वय सांगते, नावेचें नव्हे. दोनशें वर्षें वाढलेल्या सागाचा गाभा घेतला तर नाव बांधल्याच्या दोनशें वर्षें आधींचा काळ निघेल. आणि जुन्या वाड्याची तुळई फोडून फळ्या काढल्या असतील तर घोटाळा आणखीच वाढेल. शिवाय गेल्या तीनएकशें वर्षांतील वस्तूंसाठीं या रीतीचें उत्तर फार ढोबळ येतें. खोडांतील वर्षावर्षाचीं वर्तुळें मोजण्याची दुसरी रीत अधिक नेमकी आहे, पण तिला त्या प्रदेशांतील जुन्या झाडांच्या वर्तुळांची मालिका आधीं तयार असावी लागते. सारांश, गांवच्या नावेसाठीं प्रयोगशाळेपेक्षां डोळे आणि धीर यांचाच उपयोग अधिक.

एवढें वाचून मी पुनः त्या घाटावर गेलों. बरोबर गांवांतला एक सुतार घेतला आणि हातांत एक बत्ती. सकाळपासून दुपारपर्यंत आम्हीं दोघांनीं ती नाव सांध्यासांध्यानें पाहिली. बाहेरील फळ्यांवर रॉकेलच्या डब्याचे पत्रे ठिगळासारखे मारलेले होते. तीं दुरुस्तीचीं कामें, म्हणून तीं मीं हिशेबांत धरलीं नाहींत. मग कण्याला बरगड्या जेथें जोडल्या होत्या तेथील गंज सुतारानें खरवडला. खिळे गोल होते, तारेचे, सारे एका मापाचे. मी म्हटलें, "हे नंतर मारलेले असतील." सुतारानें बोट फिरवून पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, आधीं दुसरा खिळा असता तर त्याचं भोक राहिलं असतं. इथं दुसरं भोकच नाही." त्याच्या या एका वाक्यानें माझी पेशवाई संपली. ज्या सांध्यांत पहिल्यापासून यंत्राचेच खिळे आहेत, ती नाव १७७८ ची असणें शक्य नव्हतें.

पण मग "१७" म्हणजे काय? त्याचें उत्तर पुस्तकांत मिळालें नाहीं. तें नव्वदीच्या घरांतील एका आजींनीं दिलें. त्यांच्या सासऱ्यांकडे त्या घाटाची नाव होती. आजी काठी टेकीत आल्या, फळीवरून हात फिरविला, आणि म्हणाल्या, "सतरा माणसं, गुरुजी. अठराव्याला मामंजी बसू देत नव्हते."

मीं विचारलें, सतराच कां? तेव्हां त्यांनीं सांगितलें, कीं या नावेच्या आधीं दुसरी एक नाव होती. बाजारच्या दिवशीं ती माणसांनीं ठासून भरली आणि मधल्या धारेंत उलटली. मामंजींचा धाकटा भाऊ तींत गेला. पुढें पोलीस ॲक्शन झाल्यावर दोनएक वर्षांनीं मामंजींनीं ही नाव बांधविली. आजी लग्न होऊन त्या घरीं आल्या तेव्हां तिच्या लांकडाला अजून नव्या तेलाचा वास येत होता. पोलीस ॲक्शन झालें सप्टेंबर १९४८ मध्यें. म्हणजे नाव १९५० च्या सुमारासची. खिळे आणि आजी यांची साक्ष तंतोतंत जुळली. आंकड्यापुढील झीज ही पुसलेल्या शकाची नव्हतीच. तेथें नावाड्याचा पाय पडत असे.

गांवांतील कांहीं तरुणांस हें रुचलें नाहीं. "गुरुजी, पेशवेकालीन असंच राहूं द्या, लोक पाहावयास येतील," असें ते म्हणाले. त्यांचा राग मला समजत होता, कारण ती गोष्ट त्यांना मींच शिकविलेली होती. त्यांतील दोघे तर माझे विद्यार्थी. मीं त्यांना एवढेंच म्हटलें, कीं पेशवाईंतल्या नावा कोणीं बांधल्या तें आपणांस ठाऊक नाहीं. ही कोणीं बांधली, कशासाठीं बांधली, आणि त्या माणसानें अठरावा उतारू कां नाकारला, हें सारें आपणांस ठाऊक आहे. मग यांपैकीं कोणती नाव आपली?

त्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं फलक लागला. त्यावर चारच ओळी आहेत: ही नाव १९५० च्या सुमारास या गांवीं बांधली, आधींची नाव जास्त माणसें घेतल्यानें बुडाली होती, म्हणून या नावेंत सतरा माणसांचा नियम होता, तो फळीवर कोरलेला आहे.

श्रोतेहो, माझे अनेक जुने विद्यार्थी आज हें भाषण ऐकत असतील. कोणी औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास आहेत, कोणी पुण्यास, मुंबईस. त्यांना मीं घाटावर नेऊन जें सांगितलें तें चूक होतें, हें सांगण्यासाठींच मुख्यतः मीं हा विषय निवडला. त्यांनीं आपल्या मुलांना ती गोष्ट सांगितली असेल तर तीहि दुरुस्त करावी. आणि आपल्यापैकीं कोणाच्या गांवीं नदीकांठीं अशी एखादी जुनी नाव पडलेली असेल, तर ती जळणांत जाण्यापूर्वीं तिचे खिळे पाहावेत, आणि गांवांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तेथवर हात धरून न्यावें. लांकूड आणखी कांहीं वर्षें थांबेल. माणूस थांबेलच असें नाहीं. फलक लागला त्या वर्षीं पावसाळ्याच्या आधींच आजी गेल्या.